मधला स्पीकर

ध्वनी हे विश्वाचं आद्य रूप आहे आणि ऐकणारा माणूस त्याच्या केंद्रस्थानी असतो, यावर माझी श्रद्धा आहे. अमरावतीत माझ्या मागच्या खोलीत हे केंद्रस्थान म्हणजे प्लास्टिकची एक खुर्ची आणि तिच्यापुढे दोन स्पीकर. बाकीचं विश्व हेडफोनवर भागवावं लागतं.

त्या मे महिन्यात मी सेमाडोहच्या जंगलावरच्या एका माहितीपटाचं साउंड मिक्सिंग करत होतो. पाखरं डोक्यावर, पाचोळा मागे, ओढा समोर, निवेदक मधोमध, अशी चहूबाजूंची मांडणी. असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. दिग्दर्शिकाबाईंची अट एकच: आज संध्याकाळपर्यंत पाठवा, पण पूर्ण स्पीकरांवर ऐकूनच. पूर्ण स्पीकर आमच्या नात्यात एकाच घरी होते. अकोल्याला, ताईकडे.

भाऊजींनी हॉलमध्ये होम थिएटर बसवलं तेव्हा वास्तुशांतीसारखं जेवण घातलं होतं. छतात स्पीकर, रिमोटनं मंद होणारे दिवे, आणि मधोमध मागे कलणारी खुर्ची. तिच्यावर पाहुण्याला ते स्वतः हात धरून बसवतात.

तिथं पोचल्यावर मी लॅपटॉपची वायर होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडली. सगळ्या स्पीकरांची चिन्हं उजळली. "साउंडचं काम आहे," असं जाहीर करून भाऊजींनी सगळी दारं लावली, कूलरही बंद केला. मे महिन्यातल्या अकोल्यात हा त्यागच. फिल्म सुरू झाली. पाखरं छतातून बोलली, ओढा वाहिला. निवेदक गायब. वायर बदलली, रिसीव्हरवरची जागा बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. दर वेळी पाखरं हजर, निवेदक गैरहजर.

"साळेबुवा, अमरावतीचा माल असाच," भाऊजी म्हणाले. "पाखरं बोलून राहिले अन् माणूस मुका."

"तुमच्या मशीनचंच काहीतरी आहे."

"माह्या मशीनचं? गल्लीत विचारा कोणालेबी!"

शेवटी मी रिसीव्हरमधला चाचणीचा आवाज लावला. तो एकेका स्पीकरमधून नुसता 'सूंऽऽ' करत फिरतो. डावीकडे सूं झालं. मग शांतता. आणि आतल्या खोलीतून ताईच्या सासऱ्यांची, म्हणजे काकाजींची, आरोळी आली.

"सूनबाई, नळ आले! बादल्या लावा!"

ज्यांच्या घरी रोज पाणी येतं त्यांच्यासाठी सांगतो: अकोल्यात नळ यायच्या आधी तोटीतून हवा येते, आणि ती हुबेहूब अशीच बोलते. ताई बादल्या घेऊन मोरीकडे धावली. भाऊजींनी घरातली प्रत्येक तोटी उघडली. तेवढ्यात उजवीकडे सूं झालं, मग स्वयंपाकघरात.

"अवो, इकडं आले वाटते!" म्हणत ताई तिकडे पळाली.

तोट्या कोरड्या ठणठणीत. मी काकाजींच्या खोलीत गेलो. त्यांच्या उशाशी, चष्म्याच्या डबीशेजारी, मधला स्पीकर होता.

"बाबांले कमी ऐकू येते ना," भाऊजी अभिमानानं म्हणाले. "सगळं बोलणं याच डब्यातून येते. बातम्या, कीर्तन, डायरेक्ट कानाशी. म्या स्वतः शोधलं."

"आणि हॉलमध्ये?"

"दार उघडं असलं का आमालेबी येते."

"मागचा एक किचनात नेला," ताई म्हणाली. "पोळ्या करताना गाणे लागतात मले."

काकाजी उठून बसले. "त्या वाघावर कोण बोलून राहिला होता बे? तेच तेच कितीकदा सांगतलं त्यानं!"

सगळ्या घरात माझा निवेदक ऐकलेला हा एकटाच माणूस होता. डबा हॉलमध्ये न्यायला त्यांनी परवानगी दिली, पण स्वतःही सोबत येण्याच्या अटीवर. मागे कलणाऱ्या खुर्चीवर ते बसले, भाऊजी उभे राहिले. स्वयंपाकघरातला स्पीकर परत आला, दारं पुन्हा लागली. आता निवेदक बरोबर मधून बोलला. पाखरं छतात, पाचोळा पाठीमागे. मी हेडफोनवर जे गृहीत धरलं होतं ते खरंच तिथं होतं. घामानं निथळत सगळे शेवटपर्यंत हलले नाहीत.

"मस्त," भाऊजी म्हणाले. "अन् तो मागचा ओढा! लय खरा वाटते, साळेबुवा."

मी विनयानं मान झुकवली आणि फाइल पाठवून दिली. मग आठवलं, ओढा मी समोर ठेवला होता.

मोरीत बादल्या काठोकाठ भरल्या होत्या आणि बाकीचं पाणी गटारात गेलं होतं. तोट्या बंद करायच्या कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. घरची पाण्याची टाकी कोरडीच होती. पुढचे नळ आठवड्यानं आले.