लोकसचा दाखला

भंडाऱ्याच्या कोर्टासमोर मी अर्ज टाइप करून देतो, त्यामुळे कायदा किती शहाणा आहे हे मला रोज फुकटात बघायला मिळतं. एका सकाळी गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन वसाहतीतले एक काका आले. पिशवीतून आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला काढून त्यांनी माझ्या टेबलावर मांडले आणि प्रत्येक कागद तळहातानं सपाट केला.

"लोकसचा दाखला काढाचा हाय. किती दिवस लागते?"

काकांनी प्लॉटच्या कागदावर खोटी सही केली, अशी तक्रार शेजाऱ्यानं केली होती आणि कोर्टानं पोलिसांना तपास करायला सांगितलं होतं. काका त्या आदेशाविरुद्ध भांडायला निघाले, तर वकील म्हणाले, "तुम्हाला लोकस नाही." धरणात गाव गेल्यापासून काकांना एवढंच कळलं होतं, की आपल्याजवळ जे नाही ते कुठल्यातरी खिडकीवर मिळतं.

मी समजावलं, "काका, लोकस म्हंजे कोर्टात बोलाचा हक्क. तुमी अजून आरोपी नाही, म्हणून त्या आदेशावर तुमाले बोलता येत नाही."

कागद गोळा करत ते म्हणाले, "म्हंजे आरोपी झालो का बोलता येते? मस्त सोय केली!"

महिन्याभरानं ते पुन्हा दिसले. पोलीस शिपायानं त्यांचा दंड धरला होता, पिशवी काखेत होती. मला बघून ते लांबूनच ओरडले,

"भेटला, भाऊ, लोकस भेटला! अन् एकही कागद नाही मांगितला!"