जास्वंदीच्या फोटोमागून

मोबाइलवर माझं एक बिननावाचं खातं होतं, वर जास्वंदीचा फोटो. टीव्हीवरच्या एका मालिकेत कपटी सुनेचं काम करणाऱ्या नटीला मी त्यावरून रोज लिहायची, ‘हिचं तोंड बघवत नाही.’ हे फक्त माझ्या धाकट्या जावेला ठाऊक होतं.

यंदा तीच नटी आमच्या गावी, युसूफ वडगावला, बायकांच्या हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून आली. कुणी काय करायचं, ती कामांची यादी मीच केली होती. पाहुणी कोण ते ठरण्याआधीच तिची ओटी भरण्यापुढे मी माझं नाव घातलं होतं. जाऊ कानाशी म्हणाली, "अक्का, आता लिवा की तोंडावर."

नटी पदर पसरून समोर बसली. गहू घालता घालता मी विचारलं, "दमलात का?"

"नाही ताई. हल्ली फोन उघडायची भीती वाटते. इथं सगळ्या किती मायेनं बघतात."

पाच ओंजळी झाल्या होत्या, मी सहावी घातली. जाऊ पुटपुटली, "पाचच असत्यात."

घरी येऊन यादीत एक ओळ वाढवली. दोन दुपारी बसून लिहिलेलं सगळं शोधून पुसलं, खातं बंद केलं आणि ओळीवर काट मारली. मालिका अजून बघते. सुनेचा राग येतोच, तो आता जावेसमोर मोठ्यानं काढते.