सेनापतीची पाठ

ताईने जाताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या: टेबलाकडे जाऊ नकोस, आणि गेलास तर हात लावू नकोस. धाकट्या भावाने दुसरी गोष्ट ऐकली आणि पहिलीतून सूट मिळाली असं धरलं. ती डोळे तपासायला बाहेर पडली न पडली तोच हा वेफर्सची पिशवी काखेत मारून टेबलाशी हजर.

बाटलीच्या बुचावर एक सेनापती उभा होता. उंची करंगळीच्या दोन पेरांएवढी. अंगावर हिरवा झगा, आणि झग्याला अशा वळ्या की पंखा लावला तर फडफडतील. धाकट्याने त्याला कौतुकाने उचललं. कौतुकच नडलं. झगा मळून लावायच्या पुट्टीचा होता आणि पुट्टी अजून मऊ होती. अंगठा सेनापतीच्या पाठीत लोण्यात रुतावा तसा रुतला.

माणूस एक चूक करून थांबला तर निभावतं. धाकटा दुरुस्तीला लागला. टेबलाखालच्या एका गोळ्यांच्या डबीत त्याला प्लॅस्टिकच्या चिमुकल्या कवट्या सापडल्या. त्यातली एक त्याने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने अंगठ्याच्या खड्ड्यावर बसवली. जरा वाकडी बसली, पण सेनापतीला शोभून दिसते असं त्याचं प्रामाणिक मत पडलं. मग तो लांबच्या खुर्चीवर जाऊन पेपर वाचत बसला. पेपर उलटा नव्हता, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

ताई संध्याकाळी परतली. तोवर पुट्टीचा दगड झाला होता. तिने चपला काढल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि सेनापती फिरवला. ओरडली नाही. ती ओरडत नसे, तिला शिसारी येत असे. नाकाची एक बाजू वर जायची आणि समोरच्याला वाटायचं की आपण अंघोळ केलेली नाही.

"कवटी," ती म्हणाली. वाटीत झुरळ सापडल्यावर लोक याच आवाजात झुरळाचं नाव घेतात.

"ताई, ते म्हणजे..."

तिने पातळ पात्याने कवटी उडवून वाटीत टाकली. खाली गोंदाची पांढरी बुरशी, आणि बुरशीच्या कडेने रेघ न् रेघ उमटलेला अंगठा.

"वेफर्स खाल्लेस?"

"दोनचार."

"तेलामुळे ठसा छान आलाय. पंचवीस वर्षं लोकांच्या जबड्यांचे ठसे हाताळले, एवढा स्वच्छ एकही आला नव्हता. मिठाचा खडासुद्धा आलाय बघ."

ताई पंचवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. शहरातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी हसत. लॅबमध्ये दात छापणारं मशीन आलं आणि सगळ्यांना एकसारखे पांढरेशुभ्र दात मिळू लागले, तेव्हा ती घरी बसली. "पंच्याहत्तर वर्षांच्या तोंडात विशीतले दात. बघवत नाही," एवढंच तिने राजीनाम्याचं कारण दिलं होतं. मग कोपऱ्यावरचे औषधवाले एक दिवस तलवार तुटलेला खेळातला सैनिक घेऊन आले. दाराएवढ्या टेबलावर बोटभर सैनिकांच्या फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून माणसं पुढे सरकवायची, असा खेळ ते मित्रांबरोबर खेळत. ताईने कवळीच्या मसाल्यातून तलवार करून दिली. तेव्हापासून खोक्यातून निघालेले एकाच साच्याचे सैनिक तिच्याकडे येत आणि तिच्याकडून माणसं होऊन जात: कोणाचा हात कापून दुसरीकडे वळवलेला, कोणाला ढेरी, कोणाचा बूट फाटका.

गिऱ्हाइकांचा मात्र तिला वीट होता. शंभरातल्या नव्वदांना कवट्या हव्या असत. खांद्यावर कवटी, पट्ट्यावर कवटी, गुडघ्यावर कवटी. "हा लढायला निघालाय की कवट्या विकायला?" असं विचारून ती नाक मुरडत लावून देई. उरलेल्या त्या डबीत टाकून डबी टेबलाखाली ढकले, जिवंत पाल झाकावी तशी.

या सेनापतीचं तसं नव्हतं. औषधवाल्यांच्या समोर वीस वर्षं खेळायला बसणारे घड्याळजी गेल्या महिन्यात वारले. रविवारी त्यांच्या आठवणीचा एक डाव व्हायचा होता. त्यांच्या खुर्चीवर त्यांची बायको बसणार होती, आणि त्यांच्या फौजेचा सेनापती घड्याळजींसारखा दिसायला हवा होता. त्यासाठी औषधवाल्यांनी सहा फोटो आणून दिले होते.

तेवढ्यात औषधवालेच दारात आले. झालं ते ऐकून त्यांनी वाटीतली कवटी पाहिली.

"अहो, कवटी चांगली दिसत असेल की. राहू द्यायची होती. परवावर आलाय रविवार."

ताईची नाकपुडी पुन्हा वर गेली. "घड्याळजींच्या फौजेत एक कवटी दाखवा."

औषधवाल्यांनी आठवून पाहिलं आणि कवटीची वाटी बाजूला सरकवली.

धाकट्याला वाटलं, मध्ये पडायची हीच वेळ. "पण ताई, चेहरा तर हुबेहूब आहे. पाठीचं काय एवढं? सेनापतीचं तोंड शत्रूकडे. पाठ कोण बघतंय?"

"त्याच्या मागे कोण बसणार आहे?"

धाकट्याने मनातल्या मनात टेबल मांडलं. समोर औषधवाले, त्यांना चेहरा दिसणार. अलीकडे घड्याळजींची बायको, तिच्यासमोर तिचीच फौज, सगळी पाठमोरी. तिला दिवसभर फक्त पाठ दिसणार होती. त्याने वेफर्सची पिशवी खिशात कोंबली.

"माणूस चाळीस वर्षं घड्याळात डोकं घालून बसला," ताई म्हणाली. "उजवा खांदा खाली, मान पुढे. तो बाक साधायला मला चार दिवस लागले. तू एका बोटात सपाट केलास."

तिने झगा खरवडायला घेतला. हिरवा भुगा पडत राहिला. धाकट्याने फुंकर मारायला तोंड पुढे केलं, तिने नुसतं पाहिलं, त्याने तोंड मिटलं. मग तिने निळी आणि पिवळी पुट्टी मळून पुन्हा हिरवी केली आणि सुईच्या टोकाने पाठ रचू लागली. शनिवारी रंग दिला. त्या दोन दिवसांत धाकटा घरात हात पाठीमागे बांधून फिरत होता, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा. त्यावरही ताई एकदा म्हणाली, "दाखव ते हात. पुढे घे."

रविवारी सकाळी दहाला डाव लागला; ताई आणि धाकटाही बघायला गेले होते. घड्याळजींची बायको खुर्चीच्या कडेला बसली. तिला खेळ येत नव्हता. पुठ्ठ्याच्या डोंगरांकडे तिने पाहिलं, फाशांकडे पाहिलं. मग नजर सेनापतीवर गेली आणि तिथेच राहिली. खांदा खाली. मान पुढे.

"अहो, जरा ताठ बसा," ती म्हणाली.

नवऱ्याला उभ्या संसारात हजारदा सांगितलेलं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं होतं. औषधवाले टेपमध्ये बोट अडकल्यासारखं करत खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

परतताना ताई भराभर चालत होती. धाकट्याचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की त्याला स्वतःबद्दल बरं वाटू लागे.

"ताई, एका अर्थी बरंच झालं म्हणायचं," तो म्हणाला. "माझा अंगठा लागला म्हणून तू पाठ दुसऱ्यांदा केलीस. आणि दुसरी किती सुंदर झाली."

"पहिली जास्त चांगली होती."