दोन रुपये गिळणारं मशीन

ते प्रकरण आठवलं की आजही माझा उजवा हात आपोआप मागे जातो. का, ते पुढे कळेलच. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण घरी सगळे जमले की फर्माईश याच केसची होते, कारण हिच्यात माझी फजिती आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या एसटी स्टँडवर बचत गटाच्या बायकांनी शहरातून एक जुनं मशीन आणून बसवलं होतं. दहाचं नाणं टाकलं की शेंगदाण्याची चिक्की खाली पडायची आणि दोन रुपये परत यायचे. म्हणजे यायला हवे होते. जिंतूर, सोनपेठच्या गाड्यांचे प्रवासी मशीनला थापा मारायचे आणि गाडी सुटायला लागली की शिव्या देत पळायचे. शेवटी ठाण्यात अर्ज आला, की मशीन सांभाळणारी मावशी सुटे पैसे खाते. स्टँडवाल्यांनीही बजावलं, दसऱ्यापर्यंत छडा लागला नाही तर मशीन उचला. गटातल्या सात घरांची मिळकत त्या मशीनवर होती. मावशीचं तर नावच पणाला लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी स्टँडवरच्या चहावाल्याने कानात सांगितलं, "साहेब, ती रोज सकाळी इकडंतिकडं बघती, डोक्यावर पदर घेती, दार उघडून आत हात घालती. लय वेळ."

मी खूश झालो. मावशीला जबाबाला बोलावलं.

"रोज सकाळी दार उघडून काय करता?"

"पूजा करते साहेब. दुसरं काय करनार?"

"मशीनची?"

"त्याच्या आत लक्ष्मी हाय न्हवं का? सुट्टे भरायच्या आदी हळद-कुंकू वाहते."

पंचवीस वर्षांचा अनुभव मला सांगत होता, की अडचणीत आलेला माणूस आधी देव पुढे करतो. मी जबाबाखाली शेरा मारला, 'उत्तरे टोलवाटोलवीची.' ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "स्टँडवर समदे चोर म्हनायलेत साहेब. आज तुमच्या कागदावर बी तेच चढलं."

गुन्हा दाखल नव्हता, तरी अतिउत्साहात मी मशीन टेंपोत घालून ठाण्यात आणलं. पंचनामा केला. सुट्या नाण्यांच्या नळीतली नाणी पाकिटात सील केली. मग नळीत चहाच्या टपरीवरची नाणी भरून चाचणी घेतली. मशीनने दर वेळी दोन रुपये चोख परत दिले. आठवडाभर अख्ख्या ठाण्याने चिक्की खाल्ली, एकदाही चूक नाही.

"आपल्याला भ्यायलंय ते," हवालदार म्हणाले.

मी म्हणालो, "मशीन साफ आहे, म्हणजे हात मावशीचा."

अटकेपर्यंत विचार गेला होता. मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली, काठ्या, बेड्या, वायरलेस, जीप, सगळ्यांना हळद-कुंकू. पूजेला मीच बसलो होतो. मशीन समोर दिसत होतं. म्हटलं, एवढं चिक्की खाऊ घालतंय, त्याला कसं वगळायचं? दार उघडलं. नळीतली नाणी ताटात काढली, लक्ष्मी म्हणून एकेका नाण्याला ओलं हळद-कुंकू लावलं आणि पुन्हा नळीत भरली. मग प्रसादाची चिक्की काढावी म्हणून दहाचं नाणं टाकलं.

चिक्की पडली. दोन रुपये आले नाहीत.

मी थाप मारली. मग बुक्की मारली. उजव्या हाताची दोन बोटं सुजली, नाणं काही पडलं नाही. मागून हवालदार अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "साहेब, आता तुमचा जबाब घ्यावा का?"

चौकातल्या घड्याळवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, नळी काढली आणि उलटी धरली. एकही नाणं खाली पडेना.

"हे तर मेंदी लावून बसलेत सगळे! एकमेकाला सोडायलेच न्हाईत. खालची पट्टी एक नाणं ढकलायची, तर तिला सगळी माळ ओढावी लागायली."

मी सील केलेलं पाकीट उघडलं. त्यातली नाणीही दोन-दोन, तीन-तीन चिकटलेली. पंचनाम्यात, माझ्याच अक्षरात, वाक्य होतं: 'नाण्यांवर लालसर-पिवळे डाग.' लिहून ठेवलं होतं, वाचलं नव्हतं.

चाचांनी नळी घासूनपुसून लखलखीत केली, पट्टीची थकलेली स्प्रिंग बदलली आणि मजुरी म्हणून चिक्की मागितली. मी मावशींना निरोप पाठवला, की येऊन मशीन घेऊन जा. उत्तर आलं, "जितं चोर म्हनलं, तितंच येऊन सांगा."

दसऱ्याला सकाळी मशीन घेऊन मी स्वतः स्टँडवर गेलो. गाड्या लागलेल्या, गर्दी भरपूर. मावशींनी पैसे खाल्ले नाहीत, ओल्या हळद-कुंकवानं नाणी चिकटत होती, माझ्याही हातून तेच झालं, असं मी मोठ्यानं सांगितलं. चहावाला किटलीआड झाला. मावशींनी कोरडी नाणी भरली, कुंकवाचं बोट दाराला बाहेरून लावलं. मी दहाचं नाणं टाकलं. चिक्की पडली आणि पाठोपाठ खण्ण आवाज आला.

खरं बोलणारा माणूस पुरावा देत नाही, तो साधं उत्तर देतो. ते पटवून घ्यायला मला माझीच बोटं सुजवावी लागली.

चिक्की घेऊन मी ऐटीत निघालो, तर मागून मावशींचा आवाज आला, "साहेब, दोन रुपये राह्यले की! उचला. न्हाईतर उद्या परत अर्ज यायचा."