दादाने मोहोर खुडला

परवा रविवारी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी होतो. दादा काजूच्या नव्या कलमांचा मोहोर खुडत होता आणि मी पिशवी धरून मागे... तो खुडायचाच असतो. पहिली दोन वर्षं झाडाने वाढायचं, पीक तिसऱ्या वर्षी धरायचं.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या मेंदूतली गाठ काढली. गोव्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी बायॉप्सीचा रिपोर्ट आला... सेंट्रल न्यूरोसायटोमा. नाव वाचतानाच जीभ अडखळली.

मी ओरोसला सरकारी ऑफिसात कारकून. कागद हातात आला की निकाल लावायचा, ही सवय. मोबाईलवर नुसतं 'ब्रेन ट्यूमर' टाकलं, जे पहिलं दिसलं ते वाचलं आणि दादाचाही निकाल लावून मोकळा झालो. जूनच्या लागवडीसाठी त्याने नर्सरीत सांगून ठेवलेली साठ कलमं मी फोन करून रद्द केली. दादाला, वहिनीला... कुणालाच बोललो नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूतल्या गाठी अनेक प्रकारच्या, एकीचं दुसरीला लागू होत नाही. ही दुर्मीळ, पण बहुधा सावकाश वाढणारी. पूर्ण निघाली तर माणूस वर्षानुवर्षं बरा राहू शकतो. परत येणार नाही अशी हमी मात्र नाही, म्हणून ठरल्या वेळी एमआरआय करत राहायचं.

'म्हणजे किती वर्षं?' हे माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात दादानेच विचारलं, "डाक्टरांनू, ह्या पावसात काजूची कलमां लावलंय, तर तेंचा पीक माका बघूक गावतला?"

डॉक्टर म्हणाले, "आकडा मी देणार नाही. पण तुमच्या जागी असतो तर लावली असती."

परतताना बांद्याला चहाला थांबलो. तिथे मी कलमांचं कबूल केलं. दादा शांतपणे चहा पीत म्हणाला, "माका ठावक आसा. नर्सरीवाल्यान त्याच दिसा फोन केल्यान. मी परत सांगलंय."

मला लाज वाटली... आणि खूप बरंही वाटलं.

परवा शेवटच्या कलमाचा मोहोर मी खुडायला गेलो, तर हात पुढे होईना. दादा म्हणाला, "खुड रे. तिसऱ्या वर्सा धरूया." मग खुडला.

डॉक्टरांचे आभार मानायचे राहिलेत. काजू घेऊनच जाणार आहोत... आमच्या बागेतले.