खाणीच्या पोटात ऐकू आलेली वंदना

आधीच सांगून टाकते, मला भुताखेतांच्या गोष्टींचा कंटाळा आहे. या सदरात लोक लिहितात ते मी वाचते, नाही असं नाही... पण अर्ध्यावर आलं की हसू येतं. पांढरी साडी, मोकळे केस, अमावस्या. भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का हो? माझी सगळी नोकरी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, कानाला हेडफोन लावून. तार तुटली की आवाज जात नाही, एवढं विज्ञान मला पुरतं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय. पण मुलगी मागे लागली — "आई, तुझ्यानंतर हे कोण सांगणार?" — म्हणून लिहिते. विश्वास ठेवा असा आग्रह नाही.

नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं की कामठी लागते, पुढे नदीचा पूल, आणि पूल ओलांडला की कन्हान. तिथून आत, नदीच्या काठानं, एक कोळशाची खाण होती. नाव लिहीत नाही. खाणी सरकारकडे जायच्या थोड्या आधीची ही गोष्ट, म्हणजे मालक शेठ आणि राज्य मॅनेजरचं. आई-बाबा आणि आम्ही भावंडं मजुरांच्या लाईनीत राहायचो. एक खोली, पुढे पडवी. बाबा खाली टेके लावायचे. कोळसा काढला की वरचं छत बसू नये म्हणून लाकडाच्या बल्ल्या ठोकतात, ते काम.

छप्पन साली आई-बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर आईनं घरातले सगळे देव एका टोपलीत भरले आणि कन्हान नदीत सोडून आली. एकटी गेली होती. सासू रडत होती, तिला म्हणाली, "आत्या, आता कोणाच्या पाया पडून मागाचं नाही. मागून मागून काय भेटलं आपल्याले?" तेव्हापासून आमच्याकडे नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. फक्त दिवेलागणीला बुद्धवंदना.

वंदना म्हणायची पद्धत अशी, की एकानं पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. लाईनीतल्या बाकी घरांत पुढे म्हणायचा मान पुरुषाचा. आमच्याकडे उलटं. बाबांची गाडी दर वेळी रुळावरून घसरायची, दोन ओळी झाल्या की तिसरीच्या जागी भलतीच यायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण सगळं तोंडपाठ. शेवटी बाबाच म्हणाले, "तू चाल पुढं. मी येतो मागून." सोबतचे लोक चिडवायचे — लहानू बायकोच्या मागं मागं जाते! बाबा हसायचे. "जातो ना गा. तिले रस्ता माहीत आहे."

आमच्या शेजारी सरूबाई आणि मारोतीकाका. दोघांना मूलबाळ नव्हतं. सरूबाईचा देव्हारा भरलेला, वर्षभर काही ना काही चालायचं. तिचं आणि आईचं भांडणही जोरात आणि मैत्रीही जोरात. मारोतीकाका बाबांच्याच टोळीत होते.

पोळा होऊन गेला होता. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. सकाळची पाळी खाली उतरली, मी पडवीत तांदूळ निवडत होते, आणि भोंगा वाजला. भोंगा पाळी सुटताना वाजतो. अवेळी वाजला की लाईनीतली प्रत्येक बाई हातातलं टाकून पळते, कोणाला काही सांगावं लागत नाही.

नदीचं पाणी जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात शिरलं होतं आणि तिथली भिंत फोडून चालू खाणीत आलं होतं. काही माणसं वर पळून आली. खाली जाताना प्रत्येकाला दिवा मिळायचा तो बत्तीघरातून; तिथल्या खिडकीतून मुन्शी ओरडून सांगत होता, कोणाकोणाचे दिवे परत आले नाहीत. बाबांचा आला नव्हता. मारोतीकाकांचाही नाही.

आई खाणीच्या तोंडाशी जाऊन खाली बघत ओरडायला लागली. बाबांचं नाव घेऊन. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. लोकांनी दोरी बांधून बायकांना मागे सारलं, ती दोरीला धरून ओरडत राहिली. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज पार बसला. नुसती हवा यायची घशातून. मग ती तिथेच मांडी घालून बसली आणि ओठ हलवायला लागली. मला ओठांवरून कळलं, वंदना आहे. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. वर, हातभर अंतरावर, आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिली प्रेतं वर आली. पत्र्यांवर ठेवली होती, चिखलानं सगळी सारखीच दिसत होती. बायका एकेकाच्या तोंडावरून हात फिरवून बघत होत्या. मीही बघितलं. बाबा त्यात नव्हते. मला आनंद झाला, आणि शेजारी एक बाई ओळख पटून खाली बसली तरी माझा तो आनंद गेला नाही. आशा किती निर्लज्ज असते ते मला त्या दिवशी कळलं.

सरूबाई आमच्याजवळ येऊन बसली. तिनं देवीला नवस बोलला होता. आईचा हात धरून म्हणाली, "शेवंता, तू बी बोल वं. माहा माणूस जित्ता आला तं मी अनवाणी जाईन, साडी-चोळी चढवीन. तू बी बोल, काही नाही होत."

आईनं मान हलवली. नाही.

"मंग हे काय पुटपुटून राहिली तू कालपासून? मागत नाहीस तं म्हणतेस काहून? कोणाले सांगून राहिली?"

आईचे ओठ चालूच. त्यानं सरूबाईचं डोकं फिरलं. दोन दिवस पोटात अन्न नाही, माणूस पाण्याखाली... ती एकदम किंचाळली, "ज्या नदीत तू देव बुडवले, तेच पाणी आत घुसलं! तुले समजून नाही राहिलं का?"

आजूबाजूच्या बायकांपैकी कोणी तिला गप्प बस म्हणालं नाही. म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं. मला तिचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी मनात आलं... खरं असलं तर?

आईच्याही मनात तेच आलं असणार. तिनं माझं डोकं ओढून घेतलं आणि कानाशी तोंड आणून, नुसत्या श्वासानं विचारलं, "मागू का वं पोरी?"

माझ्या आईनं मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तुले वाटते तं माग, आई. कोणी काही नाही म्हणत."

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "मागाले बसली तं म्हणणं थांबन. ते मागं म्हणून राहिले असन खाली. त्याईची ओळ चुकन." आणि पुन्हा ओठ हलायला लागले.

तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच मला वाटलं. नंतर मी एकटीच रडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मोठा पंप आला. आधीचे पंप म्हणजे नदीला चमचा लावल्यासारखे होते. हा सुरू झाला आणि जाड नळीतून काळं पाणी उसळून बाहेर पडलं. लोक ओरडले, टाळ्या वाजवल्या, सगळी गर्दी दोरीकडे लोटली. त्या रेट्यात आई पडली. कोणी तुडवली वगैरे नाही, नुसती कलंडली. तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आम्ही तिला उचलून कडुलिंबाखाली नेलं. सरूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत बसली. आदल्या दिवशीचं भांडण दोघींनी कधी काढलं नाही. आई मेल्यासारखी झोपली. ओठ बंद. ऊन उतरल्यावर जागी झाली, आणि डोळे नीट उघडायच्या आधी ओठ सुरू.

पाणी उतरल्यावर माणसं आत गेली. चढावरच्या एका बोगद्यात, छताजवळ थोडी हवा राहिली होती, तिथे दोघं जण सापडले. मारोतीकाका जिवंत होते. बाबा त्यांच्या शेजारी होते. बाबांच्या छातीवर बल्ली पडून ते भिंतीशी उभेच अडकले होते.

सरूबाईचा नवस फळला आणि आमच्या घरी प्रेत आलं. लाईनीत हिशेब सरळ होता, तोंडावर कोणी बोललं नाही एवढंच. आई रडली नाही. बसलेला आवाज हळूहळू परत आला, पण ती कोणाशी बोलेना. वंदनाही बंद. दिवेलागणीला नुसती भिंतीकडे बघत बसायची. मला ठाऊक होतं ती काय चघळतेय. मागितलं असतं तर? एकदा, फक्त एकदा मागितलं असतं तर?

बरेच दिवस दवाखान्यात काढून मारोतीकाका घरी आले. सरूबाई त्यांना घेऊन नवस फेडायला निघाली होती, हातात साडी-चोळीचं ताट. ते म्हणाले, आधी लहानूभाऊच्या घरी. ती ताट घेऊन आमच्या दाराबाहेरच उभी राहिली, आत यायचा तिला धीर होईना. काका आईसमोर जमिनीवर बसले.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही वर बसून काय म्हणत होत्या?"

मी म्हणाले, "वंदना. पण तिचा आवाज गेला होता काका. ऐकू नव्हतं येत."

"आम्हाले येत होतं ना," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी नाही. मंग सुरू झालं. दिवे विझले होते, कमरेइतकं पाणी, अन् कानापाशी बसून म्हणावं तसं. मी म्हटलं, लहानूभाऊ, माह्यं डोकं फिरलं, बाईचा आवाज येऊन राहिला. तं ते म्हणे, फिरलं नाही गा, ती आहे. अन् मागून म्हणायले लागले. दम लागे त्याईले, बल्ली छातीत रुतली होती. तरी तिनं एक म्हटलं की हे एक म्हणत. मधात मधात मले सांगत, झोपू नको मारोती, चालू आहे अजून."

सरूबाई आत आली होती. ताट तिनं कुठं ठेवलं मला आठवत नाही.

"मंग पाणी उतराले लागलं," काका म्हणाले. "कमरेवरून मांडीपर्यंत आलं. मी म्हटलं, वाचलो! अन् तेव्हाच आवाज बंद झाला. एकदम. भाऊ थांबले. पुढची ओळ येईन म्हणून वाट पाहिली. मी घाबरलो, म्हटलं काय झालं असन वर? तं ते म्हणे..." काकांनी आईकडे बघितलं. "म्हणे, काही नाही झालं. थकली असन. झोपली. झोपू दे तिले."

"मंग?" हा आईचा आवाज. किती दिवसांनी ऐकला.

"मंग ते बी झोपले, वहिनी. मी त्याईचा हात धरून होतो. हात थंडा झाला तं मले समजलं. अन् बऱ्याच वेळानं तुमचा आवाज पुन्हा आला. आता मागून म्हणायले कोणीच नाही. मंग मी म्हटलं. मले येत नव्हतं, चुकत होतं, पण म्हटलं. कोणी तं म्हणायले पाहिजे ना."

आई तेव्हा रडली. पोट धरून, मोठ्यानं रडली, आणि सरूबाई तिच्या गळ्यात पडून रडली. दोघी काय काय बोलत होत्या ते इथे लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल ते मी स्वतःला शंभर वेळा सांगून झालं आहे. हवा कमी पडली की माणसाला भास होतात. बाबांना वंदनेची सवय होती, त्यांनी म्हटली, काकांनी ऐकली, बाईचा आवाज वगैरे मनाचे खेळ. मान्य. सगळं मान्य. पण पाणी उतरायला लागलं तो क्षण वर पंप सुरू झाल्याचा, आणि पंप सुरू झाला तेव्हाच आई पडली. दवाखान्यातून आल्यावर काका सगळ्यांत आधी आमच्याकडे आले, सरूबाईनं शपथ घेऊन सांगितलं की आई पडल्याचं तिनं त्यांना सांगितलेलं नव्हतं. मग बाबांना कसं कळलं? आणि राग येतो तो वेगळाच. आवाज एवढा दगड फोडून खाली जाऊ शकतो, तर छातीवरची एक बल्ली हलवता येत नव्हती? हा असला अर्धा चमत्कार कोणी केला, कशासाठी केला? इतक्या वर्षांत मला उत्तर मिळालेलं नाही. मिळेलसं वाटतही नाही.

आईला मी एकदाच विचारलं, मागितलं नाही याचं अजून वाईट वाटतं का. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वाटते ना. काहून नाही वाटणार? पण मागाले बसली असती तं ते अंधारात एकटे राहिले असते."

ज्या दिवशी काका येऊन गेले त्याच संध्याकाळी तिनं वंदना पुन्हा सुरू केली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. ती एक ओळ म्हणायची, आम्ही मुलं मागून म्हणायचो. आमचं म्हणून झालं तरी ती लगेच पुढची ओळ घ्यायची नाही. थोडी थांबायची.