मागांच्या खडखडाटातली भाषा

माझ्या नवऱ्याचं स्वरयंत्र काढून टाकलं, त्या वर्षी मी रडले नाही. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका फोनवर म्हणायच्या, "तू किती खंबीर आहेस गं." खंबीर वगैरे काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. मी टॉवेलच्या घड्या घालायचे, त्याच्या गळ्यावरचं श्वासाचं छिद्र नर्सनं दाखवलं होतं तसं साफ करायचे, ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवायचे. दुपारी काय केलं, ते संध्याकाळी आठवायचं नाही.

तो इंजिनियर. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या मशिनांत त्याची सगळी नोकरी गेली, आणि तेवढीच वर्षं आमची अमेरिकेतल्या या कॅरी गावातही गेली. स्वभावानं बोलका. आता हॉस्पिटलनं त्याला हनुवटीखाली धरायचं एक यंत्र दिलं होतं. ते लावून बोललं की सपाट, घरघरणारा आवाज यायचा. त्यानं ते दोनदा वापरलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. रेडमंडहून भेटायला आलेल्या आमच्या मुलानं टॅबलेटवर एक ॲप घालून दिलं. टाइप केलं की ते बोलायचं. इंग्रजी बरं बोलायचं. मराठी बोललं की वाटायचं, उशिरा येणाऱ्या गाडीची घोषणा चालली आहे.

म्हणून तो नुसते ओठ हलवायचा. मी म्हणायचे, "काय? परत सांग." तिसऱ्यांदा विचारलं की हात झटकून उठून जायचा. हळूहळू त्यानं ओठ हलवणंही सोडलं. घर शांत झालं आणि मला तेही चाललं.

शेजारच्या घरात एक इंग्रज बाई राहायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, एकट्या. मूळच्या लँकेशायरच्या. इंग्लंडच्या उत्तरेतला हा भाग. गेल्याच्या गेल्या शतकात जगाला पुरेल एवढं सुती कापड तिथं विणलं जायचं. त्यांचे यजमान इथल्या एका कापडगिरणीत मशिनं बसवायला आले. पुढं गिरणी बंद पडली, यजमान गेले, बाई राहिल्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे झाडांची पानं आणि कचऱ्याच्या गाडीचा वार.

ऑपरेशनचं कळल्यावर त्या लिंबाचा केक घेऊन आल्या. दार त्यानं उघडलं. सवयीनं त्याचे ओठ हलले. मी स्वयंपाकघरातून धावले, सांगायला की त्याला बोलता येत नाही. तोवर त्या म्हणाल्या, "थँक यू, पण बूट ओले आहेत. ते काढते आणि मग बसते. चहा मात्र बिनसाखरेचा."

मी विचारलं, "तो काय म्हणाला ते तुम्हाला कळलं?"

"आत या, बसा, चहा टाकतो, असं म्हणाला," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात निम्मं बोलणं असंच व्हायचं."

तो दारातच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मी केकसाठी सुरी शोधायला आत गेले आणि सुरी समोर असूनही बराच वेळ शोधत राहिले.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजीच्या आजीच्या लहानपणी माग घरातच असायचा. बाप विणायचा, आई सूत कातायची, मुलं कांड्या भरायची. काम रात्रंदिवस असलं तरी माणसं एकमेकांशी बोलत काम करायची. मग वाफेवर चालणारे माग आले. हातमागाच्या कापडाला कोणी विचारेना आणि आख्खं घर उठून गिरणीत गेलं. एका छपराखाली शेकडो माग. आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तिथल्या बायकांनी मग ओठांची भाषा काढली. शब्द सावकाश, तोंड पुरतं उघडून घडवायचा, जोडीला भुवया आणि हात. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी बोलायची आणि मधून फिरणाऱ्या मुकादमाला पत्ता नसायचा.

"पुढं कानच जायचे," त्या म्हणाल्या. "मग घरीही तसंच बोलायच्या. माझ्या आजीला शेजारणीची बातमी सांगायची असली की ती आवाज बंद करायची. सवय."

नवऱ्यानं ओठांनी काहीतरी विचारलं. त्या हसल्या. "कुठल्या बनावटीचे माग, ते मला नाही सांगता येणार. माझा नवरा तुझ्यासारखाच होता, तो आज असता तर त्यानं सांगितलं असतं."

त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला दोन-तीनदा यायला लागल्या. पहिल्याच वेळी त्यांनी माझा व्हॅक्यूम क्लीनर मागितला आणि तो स्वयंपाकघराच्या मधोमध चालू करून ठेवला. मला काही ऐकू येईना. त्यांनी ओठांनी सांगितलं, आणि मला कळलं: आवाज असला की माणूस तोंडाकडे बघतो. मी इतके दिवस त्याच्याकडे कान लावून बसत होते.

इंग्रजी ओठांवरून वाचायला त्यांनी शिकवलं. मराठीचं आम्हालाच शोधायचं होतं. प, ब, भ, म ओठांवर सगळे सारखेच दिसतात. क आणि ग तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. एकदा तो "भूक" म्हणाला आणि मी "मूक" वाचलं. त्यानं पोटावर हात ठेवला. मग तसंच ठरलं. ज्या शब्दात घोळ होतो, त्याला हाताची एखादी खूण. त्या बाई मराठीचं अक्षर न कळता शेजारी बसून त्याला म्हणायच्या, "आणखी सावकाश. आणि भुवया वापर."

एका दुपारी व्हॅक्यूम बंद केल्यावर त्या आपल्या पणजीबद्दल बोलल्या. पणजी मागावर असताना तिचं लहान मूल सांभाळणाऱ्या बाईकडे दगावलं. निरोप फाटकापर्यंत आला. आत येऊ देईनात, म्हणून दारातल्या बाईनं पलीकडच्या बाईला ओठांनी सांगितलं, तिनं पुढच्या मागाला, असं करत बातमी ओळीतून पणजीपर्यंत पोचली. वाटेत एकही माग थांबला नाही. पणजीनं बातमी वाचली, मान हलवली आणि तुटलेला धागा जोडला. काम सुटल्याचा भोंगा झाल्यावर घरी गेली.

"आजी सांगायची, तिच्या आईला कोणी विचारलं की ती म्हणायची, हात चालू होते म्हणून मी उभी राहिले," बाई म्हणाल्या. "लोक तिला दगड म्हणायचे."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मला कळत होतं की आता मला काहीतरी वाटायला हवं. मी कप उचलले, धुतले, पुसून ठेवले. वळले तेव्हा त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी आवाज न करता विचारलं, "झोप लागते का?" मीही आवाज न करता "नाही" म्हटलं. आजारपण सुरू झाल्यापासून कुणाला मी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असावं. नवरा खिडकीजवळ पेपर वाचत होता. त्याला कळलं नाही.

उन्हाळ्यात मुलगा आला. आम्ही दोघं जेवताना ओठांनी बोलतोय हे त्यानं पाहिलं. "धिस इज ग्रेट, पण ॲप का नाही वापरत?" त्यानं विचारलं. नवरा काहीतरी म्हणाला. मुलगा माझ्याकडे वळला. "आई, व्हॉट डिड ही से?"

"ॲपचं बोलणं मध्येच तोडता येत नाही, म्हणतोय."

मुलगा हसला. मग बापासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ओके बाबा, से इट अगेन. स्लोली."

थंडी सुरू व्हायच्या आत बाईंच्या लेकीनं त्यांना ओहायोला नेलं. गाडी वळेपर्यंत त्या काचेतून बोलत होत्या. अर्धं कळलं, अर्धं नाही.

दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही बऱ्याच काळानंतर गेलो. शाळेचा हॉल, मोठाले स्पीकर, लावणीचा फ्यूजन डान्स. नवऱ्याचे जुने मित्र त्याला आपल्या टेबलावर घेऊन गेले. त्याच्या पाठीवर थापा मारल्या, ताट आणून दिलं आणि मग आपापसात ओरडून बोलायला लागले. तो हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मी बायकांमध्ये होते. त्यानं मला शोधलं.

"घरी जाऊया," तो म्हणाला.

"आत्ता? अजून जेवण व्हायचंय," मी तिथूनच म्हटलं.

"जेव. मग जाऊ. घाई नाही." मग विचारलं, "तू काही खाल्लंस का आज?"

शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाशी बोलतेयस गं?" मी म्हटलं, "ह्याच्याशी." त्यांनी एवढ्या लांब पाहिलं आणि काही न कळून मान हलवली. मी ताट वाढून घेतलं. एक खुर्ची रिकामी होती, तिथं बसले आणि जेवले.

परतताना गाडी मी चालवत होते. नोव्हेंबरचा अंधार लवकर पडतो आणि अंधारात आम्हाला बोलता येत नाही. एका सिग्नलला समोरच्या गाडीच्या लाल उजेडात डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचे ओठ हलताना दिसले. मी वळेपर्यंत सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला.

गॅरेजमध्ये दिवा लागल्यावर मी विचारलं, "मघाशी काय म्हणत होतास?"

"विशेष काही नाही. उजवीकडची लेन मोकळी आहे, म्हणत होतो."

"बरं," मी म्हटलं, आणि डिकीतून मंडळानं दिलेला फराळाचा डबा काढला.